हिरव्या फडक्यामागचा बाबा

बिस्मिल्ला.

मी हलिमा, मरहूम जहूर मापारी यांची बायको, वय सत्तावन्न, धंदा खानावळ, मूळ राहणार दाभोळ, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम देरा, दुबई, आज हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्याने आज दुपारच्या कालवणाला नाव ठेवून दाखवावं. पोट मात्र ठिकाणावर नाही. डॉक्टर म्हणाला, आत गाठ आहे, मुंबईला जा. मी म्हटलं, गाठ इथेच झाली, इथेच राहू दे.

मला कोणी फूस लावलेली नाही, धाकही घातलेला नाही. ज्यांना धाक घालायचा होता त्यांनी वीस वर्षं घातला, आता त्यांची पाळी संपली.

हा कागद मी उर्दूत न लिहिता मराठीत का लिहिते, हे आधीच सांगून टाकते. माझा बाप मराठी शाळेत पट्टेवाला होता, त्यामुळे मी चार इयत्ता मराठी शिकले. माझा दीर हमदुल्ला मापारी उर्दू वाचतो, मराठीचं एक अक्षर त्याला वाचता येत नाही. तेव्हा हा कागद त्याला दुसऱ्याच्या तोंडून, चारचौघांत ऐकावा लागेल. आमच्या घरात मराठी वाचणारं दुसरं माणूस म्हणजे माझी मुलगी साजिदा. तिला मी शिकवत होते तेव्हा हमदुल्ला हसायचा. त्याने हसण्याऐवजी शेजारी बसून शिकून घ्यायला हवं होतं.

कलम पहिलं. माझी मयत देऱ्याच्या कबरस्तानात व्हावी. दाभोळला न्यायची कोणी भाषा करू नये, तिथे माझी वाट बघणारं कोणी नाही. कफनाचं कापड माझ्या पत्र्याच्या पेटीत तळाशी आहे. आंघोळ मरियमबीने घालावी. ती नऊ वर्षं माझ्याबरोबर चुलीपुढे उभी आहे, माझ्या अंगावरचे सगळे चटके तिला माहीत आहेत. माझी जाऊ शहरबानू हिने हात लावू नये. तिचं आंघोळीचं पाणी मी पुष्कळ तापवलं, माझ्या पाण्याची तिने काळजी करू नये.

कलम दुसरं. काझीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, तुझ्या मर्जीने तुला फक्त एक तृतीयांश देता येईल, तेही वारसाला नाही. बाकीच्याची वाटणी अल्लाने आधीच करून ठेवली आहे. त्याप्रमाणे अर्धं साजिदाला जाईल आणि उरलेलं माझा भाऊ जमाल याला. जमालने चौदा वर्षांत मला चार पत्रं लिहिली, चारही माझ्या सोन्याच्या बांगड्यांची बातमी त्याच्या कानावर गेल्यानंतरची. त्याचा वाटा त्याला मिळो, शरियतने दिलेलं मी अडवणारी कोण? पण बहिणीने प्रेमाने दिलं असं त्याने गावात सांगत फिरू नये. मी एक चमचासुद्धा दिला नसता.

कलम तिसरं. खानावळीची सगळी भांडी, दोन्ही मोठ्या डेगी, स्टोव्ह, ताटं, पाण्याचे पिंप आणि माझी गिऱ्हाइकं मरियमबीला. गिऱ्हाइकं माझ्या मालकीची नाहीत असं रफिक म्हणतो, बंदरावरचा कारकून, हा कागद वाचून दाखवणार आहे तोच. मी म्हणते, ज्यांना मी चौदा वर्षं जेवू घातलं ती माझीच. तिने अब्र्याच्या, खाडी ओलांडायच्या होड्यांच्या, धक्क्याजवळ खोली बघून ठेवली आहे. तिथे तिने स्वतःच्या नावाने खानावळ चालवावी. वरण पातळ करू नये, कालच्या मासळीला आजची म्हणू नये, आणि हमदुल्ला जेवायला आला तर ताट वाढताना उठून उभं राहू नये.

कलम चौथं. शहरबानूला माझा पाटा आणि वरवंटा. ती बायकांत म्हणायची की हलिमाच्या मसाल्याला विधवेच्या हाताचा वास येतो. खाताना कधी मागे सरली नाही, हा भाग वेगळा. तिचा नवरा जिवंत आहे, हातही धड आहेत. तिने आता स्वतः वाटून बघावं, वास जातो का. पाटा चांगला जड आहे.

कलम पाचवं. आता चित्र.

खानावळीच्या पश्चिमेच्या भिंतीवर हिरव्या फडक्यामागे जी फळी टांगलेली आहे ती माझी आहे. हमदुल्लाची नाही, जमातीची नाही. जहूर बोटीवर आगवाला होता, इंजिनात कोळसा घालायचा. एकोणीसशे एकोणपन्नास साली तो पोर्ट सैदच्या इस्पितळात तापाने गेला आणि त्याची पेटी एकटी घरी आली. पेटीत दोन सदरे, दाढीचं सामान आणि ही फळी होती. दीड वीत उंच, वीतभर रुंद, जाड लाकूड, मागे दोन आडव्या पट्ट्या. पुढे हाताने रंगवलेला एक म्हातारा. टक्कल, पोटापर्यंत पांढरी दाढी, काळपट झगा, उजवा हात आशीर्वादाला वर, डाव्या हातात कागदाची गुंडाळी. डोक्याभोवती सोनेरी चकती, थोडी खरवडलेली. बाजूला दोन ओळी अक्षरं, आमच्यातल्या कोणालाच न वाचता येणारी.

सासूने फळी छातीशी धरली आणि म्हणाली, हा पीर आहे, माझ्या जहूरला यानेच समुद्रात सांभाळलं. सांभाळलं तर पेटी एकटी का आली, हे मी विचारलं नाही. नव्या विधवेने विचारायचं नसतं. साजिदा तेव्हा आठ वर्षांची होती.

त्याच महिन्यात हमदुल्लाने मला एका कागदापुढे बसवलं. घर आणि जहूरची भरपाई, दोन्ही त्याच्या हवाली करण्याचा कागद. मी दौत मागितली. तो म्हणाला, "आपल्या घरातल्या बायका सह्या करत नाहीत, भाभी." आणि माझा अंगठा शाईत बुडवला. मला सही येत होती. चौथीत माझ्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं. हे मी आज पहिल्यांदा कोणाला सांगते आहे.

चौपन्न साली तो आम्हाला इथे घेऊन आला. त्याची लाँच माल वाहायची आणि मी त्याच्या खलाशांना, मग इतरांच्या खलाशांना, मग सगळ्या देऱ्यातल्या कोकण्यांना रांधून घालू लागले. फळी मी भिंतीला टांगली, कारण जहूरची दुसरी काही वस्तू माझ्याकडे उरली नव्हती.

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला आणि हमदुल्लाची लाँच तीन दिवस बेपत्ता झाली. शहरबानू ओढणी पसरून फळीपुढे पडली, बाबा माझ्या नवऱ्याला आण, दर गुरुवारी लोबान जाळीन. चौथ्या दिवशी उंटवाल्यांनी निरोप आणला. लाँच जबल अलीच्या किनाऱ्यावर वाळूत रुतली होती. तिथे तेव्हाही वाळूशिवाय काही नव्हतं, आताही नाही. साती माणसं जिवंत. हमदुल्ला म्हणाला, पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा पाण्यावरून लाँचच्या पुढे पुढे चालत होता. त्याला ताप होता, पण ते कोणी बोललं नाही.

मग फडकं आलं, लोबानदाणी आली, गुरुवारचा मलिदा आला. दर्याबाबा हे नाव पडलं. शारजापासून, अजमानपासून खलाशी यायचे, डोकं टेकायचे आणि जाताना जेवून जायचे. काझीसाहेब म्हणाले, तसबीर आहे, हे बरं नाही, उतरवा. हमदुल्ला म्हणाला, तसबीर कुठे आहे, फडकं आहे. काझीसाहेबांनी आमच्याकडे जेवणं सोडलं. हमदुल्ला मात्र जमातीचा मोठा झाला, कारण त्याला खुद्द बाबाने हात धरून आणलेलं.

खोटं कशाला लिहू, मलाही त्याचा फायदा झाला. बाबा माझ्या नवऱ्याच्या पेटीतून आलेला, म्हणून सेवा माझ्याकडे. त्या घरात मला आणि माझ्या मुलीला जी खोली मिळाली ती त्या फडक्यामुळे. नुसत्या भावजयीच्या नात्याने तिथे मला गोणपाटही मिळालं नसतं.

कलम सहावं. एकसष्ट साली रफिक परकार एका माणसाला जेवायला घेऊन आला. इलियास त्याचं नाव. बेथलेहेमजवळच्या बैत जाला गावचा, किरिस्तांव, जमिनीची मोजणी करणारा. रस्त्याच्या कामावर अजमानकडे असायचा. तो गुरुवार होता, फडकं बाजूला केलेलं होतं. तो जेवता जेवता उठला, भिंतीकडे बघत राहिला आणि त्याने छातीवर बोटांनी खूण केली. बाकीच्यांना वाटलं घास अडकला.

हात धुवून तो चुलीपाशी आला आणि त्याच्या मोडक्या हिंदीत हळूच म्हणाला, "खाला, यह मार साबा है. हमारा साधू. मेरी माँ के घर में भी यही है."

मी विचारलं, तुला काय माहीत. त्याने त्या दोन ओळी वाचून सांगितल्या. त्याच्या गावाजवळ दरीत या साधूचा मठ आहे, शेकडो वर्षांचा. जग सोडून तिथे गुहेत राहायचा. अशी चित्रं मठातले साधू उपास धरून, दुआ करत हाताने रंगवतात. कोणा खलाशाने कुठल्या तरी बंदरात विकलं असेल, नाहीतर तुमच्या नवऱ्याला कोणी दिलं असेल. मी म्हटलं, चुलीच्या धुराने काळं पडलंय. तो म्हणाला, आमच्याकडेही मेणबत्तीने काळं पडतं, त्याचं काही नाही.

साजिदा तिथेच पीठ मळत बसली होती. वीस वर्षांची होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी हसत सुटलो. तोंडात पदर कोंबून हसलो. माझा दीर, जमातीचा मोठा, जो किरिस्तांवाच्या हातचं पाणी पीत नाही, तो दर गुरुवारी कोणापुढे डोकं टेकतो! जहूर गेल्यापासून मी इतकी हसले नव्हते.

साजिदाला मी काही बजावलं नाही. पोटच्या पोरीला काय बजावायचं? इलियासला मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी, साजिदा पाणी भरायला गेली असताना, एकटा गाठला. म्हटलं, हे पुन्हा कोणापुढे बोलायचं नाही. तो म्हणाला, खाला, मी असाही बोलणार नव्हतो. मी म्हटलं, असं नको, हात ठेव. मी फडकं बाजूला केलं आणि त्याच्याच साधूच्या छातीवर त्याला हात ठेवायला लावून शपथ घेतली. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी भाकरीत राख मिसळली. पण हात ठेवला.

मी हे जपलं ते माझ्या मरणासाठी. बायका कफनाचं कापड जपतात तसं. ठरवलं होतं की मेल्यावर माझा कागद वाचला जाईल, त्यात एक ओळ असेल आणि हमदुल्ला जमातीसमोर उघडा पडेल. अंगठ्याचा हिशेब तिथे फिटेल. दर गुरुवारी तो डोकं टेकायचा आणि मी मागे उभी राहून मनात म्हणायची, टेक, अजून टेक. मला फार बरं वाटायचं. आता तरी कशाला लपवू.

कलम सातवं. हे कलम रफिकने सावकाश वाचावं.

साजिदा आणि इलियास यांचं जमलं. दोन वर्षं ताटं देता-घेता जमलं. त्यात चोरीचं काही नव्हतं, माझ्या डोळ्यांसमोर झालं. तो कलमा पढायला तयार होता. काझीसाहेबांनी त्याच्याशी तीन वेळा बोलून सांगितलं की माणूस खरा आहे, माझी हरकत नाही. हमदुल्लाने महिनाभर थयथयाट केला आणि मग नरमला. इलियासची नोकरी चांगली होती आणि साजिदाला बावीस संपत आलं होतं.

त्रेसष्टच्या मार्चमधल्या एका गुरुवारी खानावळीत बैठक बसली. जमातीतले सात-आठ जण. लोबान पेटलेला, फडकं बाजूला केलेलं. बायका पडद्यामागे. होकार देऊन टाकायचा एवढंच काम होतं. पण हमदुल्लाला सरळ होकार देता येत नाही, देताना समोरच्याची मान खाली झालेली दिसावी लागते. तो इलियासला म्हणाला, कलमा नंतर. आधी इथे, आमच्या बाबासमोर गुडघे टेक आणि म्हण की आमच्या लोकांचे ते काळ्या झग्यातले साधू सगळे भोंदू आहेत.

इलियास उभा राहिला. भिंतीवर त्याचा साधू, समोर हमदुल्ला. त्याने गुडघे टेकले नाहीत. हमदुल्लाने पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा, हसून.

साजिदा पडदा सारून बाहेर आली. रागाच्या बाबतीत ती माझ्यावर गेलेली. ती म्हणाली, "चाचा, तो कोणासमोर उभा आहे ते तरी बघा. हा बाबा त्यांचाच साधू आहे. अम्मीला विचारा, तिला दोन वर्षं माहीत आहे."

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. मला बाहेर यावं लागलं. हमदुल्लाचं तोंड पांढरं पडलं होतं. एवढ्या वर्षांत मी त्याला घाबरलेला कधी बघितला नव्हता. मी एक हो म्हटलं असतं तर तो तिथल्या तिथे संपला असता. दोन दिवस आरडाओरडा झाला असता, फळी खाली उतरली असती, कदाचित माझी खोली गेली असती. काझीसाहेबांनी निकाह लावला असता.

मी म्हणाले, "खोटं बोलते ती."

मग हमदुल्लाने इलियासला विचारलं. तो माझ्याकडे बघत होता. मी नजर हटवली नाही, त्याला माझा हुकूम दिसावा म्हणून. तो खाली बघून म्हणाला, "मुझसे मत पूछिए." हमदुल्ला म्हणाला, बघा, तोसुद्धा हो म्हणत नाही.

साजिदाने त्याच्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहिणार नाही. मला लिहिता येतं, पण लिहिणार नाही.

पुढे जमातीत ठरलं की पोरीने बाबाची विटंबना केली, तिने बाबापुढे नाक घासून माफी मागावी. ती उभीच राहिली. शहरबानू पुढे झाली. मी तिला बाजूला केलं आणि साजिदाची मान मी स्वतः खाली दाबली. माझा उजवा हात होता. नाक जमिनीला तीन वेळा लागलं. दुसऱ्या वेळी तिने जोर करणं सोडलं, ते मला हाताला कळलं.

का केलं? खोली जाईल म्हणून, हे एक. मुलगी परमुलखात जाऊन मी एकटी पडेन, हे दुसरं. ही दोन्ही कारणं मी पाच वर्षं स्वतःला सांगते आणि दोन्ही खरी आहेत. पण त्या क्षणी मनात आलं ते वेगळंच. घाव माझा होता आणि तो तिने मारला. मी तो माझ्या मरणासाठी ठेवला होता. तो वाया जाऊ नये म्हणून मी माझ्या मुलीला खोटं पाडलं. हे वाचताना रफिकने आवाज खाली करू नये.

पंधरा दिवसांत साजिदाला आगबोटीवर घातलं. गुहागरकडचा पंचावन्न वर्षांचा बिजवर, गुडघ्याने अधू, घरात तिच्या वयाची मुलं. निकाहाला मी नव्हते, हमदुल्लाने मला आगबोटीचा खर्च उगाच कशाला म्हटलं आणि मी मान हलवली. इलियास महिनाभराने कुवेतला गेला. जाण्याआधी एकदा जेवायला आला. मी वाढलं, तो जेवला. ताट उचलताना म्हणाला, "खाला, मैंने हाथ रखा था." बस, एवढंच.

कलम आठवं. साजिदाच्या नवऱ्यासमोर हमदुल्लाने हात जोडून म्हणावं की मुलगी खरी होती, आणि मगच त्याने माझी पितळी समई

वरच्या दीड ओळी मी खोडल्या आहेत. खाडाखोड माझीच आहे, शेजारी सही केली आहे. लिहिताना गोड वाटलं, पण मग तिच्या नवऱ्याला इलियासचं नाव कळेल आणि उरलेलं आयुष्य तो तिला त्या नावाने मारेल. हमदुल्लाला खाली दाखवायला मी पुन्हा तिचीच मान पुढे करत होते. सत्तावन्न वर्षांची झाले, पोटात गाठ आहे, तरी माझा स्वभाव बघा.

कलम नववं. हमदुल्ला मापारी याला हिरवं फडकं, लोबानदाणी आणि भिंतीतला खिळा. फळी नाही.

हमदुल्ला, तू ज्याला दर्याबाबा म्हणून दहा वर्षं डोकं टेकलंस तो किरिस्तांवांचा साधू मार साबा आहे. काळ्या झग्यातला. ज्यांना तू भोंदू म्हणायला लावत होतास त्यांच्यातला मोठा. जमातीतल्या ज्या ज्या माणसाला तू त्याच्यापुढे बसवलंस त्यांना आता तूच समजावून सांग. जबल अलीच्या वाळूवर तुला कोणी आणून सोडलं, हेही आता ठरवून टाक. नुसता वारा होता असं म्हणालास तर तू दहा वर्षं खोटा. मार साबाने आणलं म्हणालास तर तू मेहेरबानी विसरलेला. दोन्हीपैकी काहीही निवड, मला दोन्ही चालेल. काझीसाहेबांनी आजपासून पुन्हा खानावळीत जेवावं, मरियमबीच्या. त्यांचं म्हणणं पहिल्यापासून खरं होतं.

कलम दहावं. फळी इलियासला. रफिकने कुवेतचा पत्ता मिळवला आहे. लग्न केलं की नाही ते कळलं नाही, आणि मी विचारूही दिलं नाही. फळी जहूरच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळावी, वर्तमानपत्रात नको. काळा थर घासून काढू नये. रफिकने ती हातात देऊन माझा एवढाच निरोप सांगावा: खालाने शपथ सोडवली आहे. फळीवर ठेवलेला हात आता काढून घे. साजिदाला पत्र लिहू नकोस, तिच्या दारात ते दुसऱ्याच्या हाती पडेल. पण तुझ्या आईला, तुझ्या बायकोला, ज्याला सांगायचं त्याला सांग की तू भित्रा नव्हतास.

फळी साजिदाला द्यावी असंही एकदा मनात आलं. पण तिने ती शेवटची बघितली ती जमिनीवरून.

कलम अकरावं. हा कागद माझ्या चाळिसाव्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी, लोबानाच्या वेळी, त्याच खानावळीत वाचावा. त्या दिवशी जे बैठकीला होते त्या सगळ्यांना बोलवावं आणि जेवण घालावं. आधी जेवण, मग वाचन, म्हणजे कोणी उपाशी उठून गेलं असं व्हायला नको. हमदुल्लाला मधेच उठून जायचं असेल तर जाऊ द्यावं. बाकीचे बसलेले असतात.

कलम बारावं, आणि शेवटचं. हे रफिकने बैठकीत वाचू नये. कलम सहा, कलम सात आणि खाली साजिदाला लिहिलेला मजकूर यांची नक्कल रफिकने स्वच्छ अक्षरात करावी. पुढच्या उन्हाळ्यात मरियमबी गुहागरकडे जाणार आहे. साजिदाचा नवरा जुम्म्याला मशिदीत गेलेला असताना तिने ती साजिदाच्या हातात ठेवावी आणि चहालाही थांबू नये. त्याला मराठी वाचता येत नाही, तरी साजिदाने ती पिठाच्या डब्यात ठेवावी.

साजिदा, मी तुला तीन पत्रं लिहिली. तिन्ही न फोडता परत आली, पाकिटावर नाकारल्याचा शेरा तुझ्या हस्ताक्षरात. अक्षर अजून चांगलं आहे. हे चौथं तुला परत करता येणार नाही, कारण परत पाठवायला पत्ता उरलेला नसेल.

माफी मागत नाही. मागितली की तुला द्यायची की नाही याचा विचार करावा लागेल, तेवढंही ओझं तुझ्यावर नको. एवढं वाच: तू खोटं बोलली नव्हतीस. आणि तो तुला टाकून गप्प बसला नव्हता. त्याच्या साधूवर हात ठेवायला लावून मी त्याला बांधलं होतं, तू पाणी भरायला गेली होतीस तेव्हा.

हे वाचून तुझं काही सुटणार नाही, हे मला कळतं. आतापर्यंत तू त्याने दगा दिला असं समजून दिवस काढलेस. आता दगा दिला नव्हता हे कळून काढावे लागतील. ते जास्त कठीण आहे. न सांगता मेले असते तर तुला सोपं गेलं असतं. तरी पाठवते. पाच वर्षं मी तुझं खरं माझ्याकडे दाबून ठेवलं, ते माझ्याबरोबर मातीत जायला नको.

तुझा वाटा तुला कायद्याने मिळेल. बांगड्या मोडू नकोस, घालून फिर. कोणी विचारलं तर सांग, आईच्या. नाहीतर काही सांगू नकोस.

येथवर बारा कलमं, पैकी आठवं खोडलेलं. हे सगळं मी लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही. अंगठा उठवत नाही, सही करते.

मुक्काम देरा, दुबई. गुरुवार, १४ नोव्हेंबर १९६८.

हलिमा जहूर मापारी

साक्षीदार:

१. इब्राहिम हुसेन सोलकर, शिंपी. मजकूर मला वाचून दाखवला. बाई शुद्धीवर होत्या. मीही त्या बैठकीला होतो.

२. रफिक परकार, बंदरावर कारकून. इलियासला मीच पहिल्यांदा जेवायला नेलं होतं. वरील सही हलिमाखालांनी माझ्यासमोर, उजव्या हाताने केली.